‘प्रकरण बंद’चा शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या तळव्यावर दोनच शब्द कोरलेले आहेत : ‘प्रकरण बंद’. मित्रांनो, चेंडूने किंवा पतंगाने सांगावी तशी मजेची गोष्ट माझ्याजवळ नाही. मी अपराधी आहे.

कारागिराने मला गुळगुळीत लाकडी मूठ लावली आणि मी बालसंरक्षण कार्यालयात आलो. एखाद्या घरी मुलाचे हाल होतात अशी तक्रार आली, की आमच्या ताई चौकशीला जात. तीन भेटींत घराला कुलूप दिसले, तर फाइल बंद करावी असा नियम होता. ताई मनाने सोन्यासारख्या, पण एकटीच्या डोक्यावर दोनशे घरे! कार्यालयाची गाडी सकाळी अकरालाच मिळे, त्यामुळे तिन्ही भेटी अकरालाच होत. मग मी शाईत बुडी मारून कागदावर धपकन बसे.

“ताईंचा उरक बघा! टेबल कसं आरशासारखं!” साहेब म्हणत. मला वाटे, हे कौतुक माझेच. मी फुगून जाई.

एकदा सात वर्षांच्या एका मुलीची फाइल आली. घरातून रडणे ऐकू येते, असे शेजारणीने कळवले होते. तिन्ही वेळा दाराला बाहेरून कुलूप होते. मी बसलो. महिन्याभरात त्या मुलीचा हात स्टोव्हवर भाजला. तिची आई दिवसभर कारखान्यात असे. पोरीला ठेवायला कुणी नाही, म्हणून तिला आत कोंडून जाई.

ताई इस्पितळात गेल्या, तेव्हा मी त्यांच्या पर्समध्येच होतो.

“तुम्ही तीनदा आला होता ना?” मुलगी म्हणाली. “मी चपलांचा आवाज ओळखला.”

“मग ओ का नाही दिलीस, बाळा?”

“तुम्ही आईला हाका मारत होता. मला कुणी हाकच मारली नाही.”

ताईंना रडू आवरेना. मला तर रडताही येत नाही.

ताईंनी खापर दुसऱ्यावर फोडले नाही. कायदा बदलणाऱ्या समितीपुढे त्यांनी मला ठेवले आणि म्हणाल्या, “नियम चुकीचा होता, पण शिक्का मी मारला.” दोन वर्षे वादावादी झाली. अखेर नवा कायदा आला. मुलाला पाहिल्याशिवाय, त्याच्याशी बोलल्याशिवाय आता फाइल बंद होत नाही, आणि कामावर जाणाऱ्या आयांसाठी पाळणाघर द्यावेच लागते. त्यासाठी नवा शिक्का आला आणि मी निकामी झालो. बरेच झाले.

आता मी खणात पडून असतो. माझ्या ठशाच्या जुन्या फाइली ताई एकेक करून पुन्हा उघडतात. मित्रांनो, बंद दाराआड कुणी रडत असेल, तर नुसती कडी वाजवून फिरू नका. त्याचे नाव विचारून घ्या, त्याच नावाने हाक मारा आणि मोठ्यांना बोलावून आणा.

त्या मुलीचे नाव फाइलीच्या पहिल्याच ओळीत होते. मी नेमका त्यावरच बसलो होतो.