ओढा आटला त्या सकाळी

मी पुलाच्या भिंतीवरची पूरपट्टी बोलतेय. अंगावर काळे आकडे आणि साडेतीन मीटरवर एक लाल रेघ. पाणी रेघेला टेकलं की पाटबंधाऱ्याच्या कचेरीनं भोंगा वाजवायचा, एवढंच माझं काम.

माझे आकडे रोज वाचून कचेरीला फोनवर सांगायची ती पुलाखालच्या वस्तीतली, सुताराची बायको. सगळे तिला आकडेताईच म्हणत.

मी लागले तेव्हा वर शिखरांवर बारमाही बर्फ असायचं. गोठलेली जमीन दगडगोटे घट्ट धरून ठेवायची. माणसांनी हवा तापवली, बर्फ मागं सरलं, सैल दगड उघडे पडले आणि त्यांच्यावर आता पाऊस कोसळतो. माझी लाल रेघ मात्र होती तिथंच.

त्या वर्षी पावसानं चार दिवस झोडपून काढलं. पाचव्या दिवशी सकाळी पाणी पावणेतीन मीटरवर होतं. दहाच्या सुमारास ते भराभर उतरलं. पुलावरचे लोक म्हणाले, "सुटलो बुवा!"

आकडेताईचा चेहरा उतरला. तिनं फोन लावला. "साहेब, एवढ्या पावसात ओढा आटलाय! वर दरड पडून पाणी तुंबलंय. भोंगा वाजवा."

"पाणी उतरल्यावर भोंगा? लोक हसतील ताई. आकडा सांगा."

"चाळीस सेंटीमीटर," ती म्हणाली आणि फोन ठेवून वस्तीकडे पळत सुटली.

तिनं दारं बडवली, हाताला धरून माणसं बाहेर ओढली. सुतारानं आईला पाठीवर घेऊन चढावर पोचवलं आणि तो परत वळला.

"अहो, जाऊ नका!"

"गुडघाभर पाणी नाही गं. हत्यारं घेऊन आलोच."

मग डोंगर गुरगुरला. आलं ते पाणी नव्हतंच. कालवलेल्या सिमेंटसारखा चिखल, त्यात घराएवढे धोंडे आणि उपटलेली झाडं. माझ्यावर त्याच्यासाठी आकडाच नव्हता. वस्ती गाडली गेली. चौघं सोडून सगळे वाचले. सुतार त्या चौघांत होता.

मी चिखलात सापडले. आता वाकडी होऊन कचेरीच्या कोपऱ्यात पडलेय. परवा आकडेताई सहीसाठी आली. कारकुनानं अहवाल वाचला, "पातळी धोक्याच्या रेघेखाली होती."

"खरंय," ती म्हणाली. "पण मी फोन केला होता, तेही लिहा."

"त्याला रकाना नाही ताई."

तिनं सही न करता पेन खाली ठेवलं.

पुलावर नवी पट्टी लागलीय म्हणे, रेघ अर्धा मीटर वर. लावा बापडे. फक्त डोंगराखाली राहणारी बाई फोनवर ओरडत असेल, तेव्हा तिला माझा आकडा विचारू नका.