जास्तीची चावी

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या अप्पांच्या दोन्ही हातांवर जुना सोरायसिस होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सकाळचं कोवळं ऊन घ्या, पण दहाच मिनिटं, घड्याळ बघून. महिन्याभरात चट्टे फिके पडले आणि अप्पांना हाव सुटली. रविवारी भर दुपारी ते गच्चीवर तासभर बसले. हात भाजून निघाले, चट्टे जास्तच चिडले.

सोमवारी दुकानात बायको मलम लावत असताना एक गिऱ्हाईक बंद पडलेलं घड्याळ घेऊन आलं. ते कानाला लावून अप्पा खेकसले, "चांगलं चालतंय म्हणून चावी पिळत सुटायचं नसतं. स्प्रिंग तुटते."

बायकोचं मलमाचं बोट थांबलं. ती शांतपणे म्हणाली, "पुन्हा सांगा. या वेळी स्वतःच्या हातांकडे बघून."