जास्तीची वायर

भावोजींना गाडी चालवण्यापेक्षा गाडीला अक्कल शिकवायची हौस जास्त. गाडी ताईची. जुनी, छोटी, पण तिच्यावर ताईचं पोट. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शनं द्यायची, जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, हे तिचं काम. भावोजींचं काम म्हणाल तर व्हिडिओ बघणं.

असाच एक बघून त्यांनी मागचे बल्ब उपटले. कंपन्या म्हणे लुटारू, बल्ब म्हणे बॅटरी खातात. साबणाच्या डबीच्या झाकणांवर एलईडी चिकटवले, सोल्डर करताना ओट्यावर काळे डाग पाडले आणि छाती फुगवून फिरायला लागले. प्रत्येक बल्बला दोन वायरी येत होत्या. एक नुसत्या दिव्याची, दुसरी ब्रेकची. भावोजींनी पहिली जोडली. दुसरी त्यांच्या मते जास्तीची होती. तिला टेप गुंडाळून दिली आत कोंबून.

ताईनं त्याच संध्याकाळी गाडी भिंतीला पाठ करून उभी केली, दिवे लावले, ब्रेक दाबला आणि मागे वळून बघितलं. भिंतीवरचा उजेड तसूभर वाढला नाही. तसं तिनं सांगितलं. भावोजी म्हणाले, डोळे तपासून घे, एलईडी मुळातच एवढा जळतो, त्याहून आणखी काय जळणार? पुढे बोलायची सोय नव्हती. या माणसाला चूक दाखवली की तो जेवणावर रुसतो आणि मग दुप्पट जेवतो.

आता या कर्तबगारीचा व्हिडिओ हवा होता. दिवेलागणीला ताई एका म्हाताऱ्याला इंजेक्शन द्यायला निघाली, तर हे माझी गाडी घेऊन तिच्या मागे. मला शेजारी बसवून हातात त्यांचा मोबाईल दिला. दिवे नीट येऊ देत, थांब, आणखी जवळ घेतो, एवढंच चाललेलं.

पुढे कुत्रं आडवं आलं. ताईनं ब्रेक दाबला. तिच्या दिव्यांना त्याचा पत्ताच नव्हता, मग आम्हाला कुठून असणार? जाऊन धडकलो.

कुत्रं वाचलं. माझी नंबरप्लेट वाकली. ताईच्या गाडीचा मागचा पत्रा चाकात घुसला. भावोजी उतरले, आणि बायकोला लागलं का हे विचारायच्या आधी म्हणाले, "ब्रेक मारणार होतीस तर सांगायचं नाही का?"

ताई मान चोळत उतरली. तिनं मागच्या सीटवरून औषधांची पिशवी काढली, त्यांच्यासमोर हात पुढे केला आणि माझ्या गाडीची किल्ली मागितली. आणि मी कसा येऊ, भावोजींनी विचारलं.

"तुम्ही इथेच थांबा. ती जास्तीची वायर कशाची होती, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगा."

म्हाताऱ्याच्या इंजेक्शनची वेळ टळत होती. आम्ही निघालो. मागे बघितलं, तर भावोजी खिसे चाचपत उभे. मोबाईल माझ्याच हातात होता. त्यांचे दिवे मात्र झकास जळत होते.