बिनरंगाचा आत्मा

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, खिडकीच्या गजांतूनही डोकी आत आलेली. सगळ्यांचे डोळे एका जुन्या, पाठीला भलंथोरलं कुबड असलेल्या टीव्हीवर.

पडदेबाबांनी हात वर केला. "कुणी कशाला हात लावायचा नाही. आत्म्याला स्पर्श सोसत नाही."

थोड्या वेळाने पडद्यावर सासरे आले. वारून वर्ष होत आलेले, काळेपांढरे, मंद हसणारे. खोलीभर हात जोडले गेले.

"रंग नाही, पाहिलंत? रंग देहाला. आत्म्याला कुठला?"

दाराशी उभ्या सुनेने ओठ आवळले. हे बाबा परवापरवापर्यंत टीव्ही मेकॅनिक होते. परगावी नोकरीला असलेल्या तिच्या नवऱ्याने आईला सिनेमे बघायला इंटरनेटवर चालणारं बोटभर यंत्र पाठवलं. ते जुन्या टीव्हीला थेट लागेना, म्हणून मेकॅनिकने मध्ये एक डबी बसवली, तिच्यातून लाल, पांढरी, पिवळी वायर टीव्हीत खोचली. चित्र बेरंगी आलं. ते तसंच ठेवून गडी चहाला बसला. तेवढ्यात पडद्यावर सासरे उगवले आणि सासूबाईंनी हात जोडले. समोर कुणी हात जोडल्यावर बाबा व्हायला कितीसा वेळ लागतो?

तेव्हापासून बाबा रोज जेवायलाच. तेही चाललं असतं. पण सासरे म्हणे सांगत होते, मधुमेहाच्या गोळ्या सोड, बाबांचं पाणी घे. सांगत होते ते फक्त बाबांच्या कानात. सासूबाईंनी गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळत चालली. सुनेने तोंड उघडलं की एकच उत्तर, "माझ्या नवऱ्यापेक्षा तुझा डॉक्टर शहाणा?"

एका दुपारी बाबा नसतानाच सासरे प्रकटले. त्यांच्या पाठोपाठ मोरीतला गळका नळ. तो फोटो तिनेच काढला होता. तिने नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, यंत्राला कुणी हात लावला नाही की ते आपल्या दोघांच्या फोनमधल्या अल्बमचे फोटो आपोआप दाखवतं.

पुढच्या बैठकीला आधी सासरे आले, मग नळ.

"पवित्र जलधारा," बाबांनी सांभाळून घेतलं.

मग आले खुद्द पडदेबाबा. स्वयंपाकघरात मांडी ठोकून जेवायला बसलेले, घासाने गाल फुगलेले, काळेपांढरे.

खिडकीतून कुणीतरी हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही कधी गेलात?"

हसू पसरलं. सुनेने कालच काढलेला तो फोटो फोनवर सगळ्यांना दाखवला. मग नवऱ्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे केसातली पिन काढून डबीवरचा एवढासा खटका दुसरीकडे सरकवला. "हा या टीव्हीच्या जातीप्रमाणे ठेवायचा असतो. यांनी ठेवला नाही. म्हणून रंग नाही."

पडदा रंगला. बाबा दाराकडे सरकले, ते पुन्हा दिसले नाहीत. सासरे परत आले ते पोपटी स्वेटरमध्ये.

सासूबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. "मीच विणलेला. रंग भडक आहे म्हणून कुरकुरायचे. तरी घालायचे." मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "गोळ्यांचा डबा कुठे ठेवलायस गं?"

गेलेल्या माणसाचा फोटो बघून डोळे भरावेत, त्यात लाज कसली? पण फोटो बोलत नाही. त्याच्या वतीने दुसराच कुणी बोलायला लागला, की डोळे पुसावेत, टीव्हीमागे जावं आणि वायर कुठून कुठे जाते ते बघावं. आणि गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नये.