आईने रंगवलेला चेहरा

वेदीवरची लाकडी मरियामाता शेकडो वर्षं जुनी, पण तिचा चेहरा माझ्या आईने रंगवलेला. चर्चची झाडलोट तेव्हा आई करायची, आता मी करते. रंगाचे पोपडे निघायला लागले तेव्हा जुने फादर म्हणाले, "लाव की थोडा." बिशपांना विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

रंगवून आईचा हात थांबला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हनुवटी, ओठ, सगळं माझ्या धाकट्या बहिणीचं! घरात लाड तिचेच, आता वेदीवरही तीच. पुढे रोज त्या तोंडावरची धूळ पुसायला मात्र मी.

आता मूर्ती तपासायला बिशपांनी जाणकार म्हणून पाठवलं कुणाला, तर धाकटीलाच. जुन्या मूर्ती दुरुस्त करायचं शिकून आलेली. आल्या आल्या तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"ताई, अशा मूर्तीला हात लावायचा तर बिशपांची लेखी परवानगी लागते. चर्चचा कायदा आहे."

मला कायदा शिकवते! आणि नवे फादर तिच्यासाठी खुर्ची पुसत होते. मला आजवर कुणी नुसतं बस म्हटलं नव्हतं. हेवा वाटला, चांगला सणसणीत वाटला.

आईचा रंग राहू द्यावा, असं तिचं मत पडलं. फादर माझ्याकडे वळले. "आईंनी रंगवलं तेव्हा परवानगी होती का? असली तर राहील. नसली तर बिशप काढायला सांगतील."

आठवत नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नव्हती," मी ठणकावून सांगितलं.

रंग काढायची बिशपांची लेखी परवानगी आली आणि धाकटी कापसाचे बोळे घेऊन शिडीवर चढली. एक गाल गेला, अर्धे ओठ गेले. मला राहवेना.

"स्वतःचं तोंड पुसताना काही वाटत नाही का गं?"

तिने मान वळवली. डोळे भरलेले होते.

"माझं कुठलं? हा तर तुझा चेहरा, ताई. आईने तुलाच वेदीवर बसवलं म्हणून मी किती जळायचे! तरी काढवेना, म्हणून तर राहू द्या म्हणत होते."

मी वर पाहिलं. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यात मला काहीच ओळखता येईना. थांब म्हणावंसं वाटलं, पण तिच्या हातात लेखी परवानगी होती, आणि ती माझ्याच तोंडच्या शब्दावर आली होती.