पुढं कललेली खुर्ची

परंड्याकडच्या एका सरकारी कचेरीत रामलिंगआप्पांच्या कामाचा मोठा बोलबाला होता. सकाळी अर्ज द्या, जेवणाच्या सुट्टीआधी सही-शिक्क्यासकट परत घ्या. लोक म्हणत, माणूस देव आहे. देव कसला! सगळी करामत खुर्चीची होती. तिचे पुढचे पाय आखूड, पाठ केव्हाच गळून पडलेली. मागं रेलायची सोय नाही, म्हणून बिचारे आप्पा दिवसभर टेबलावर कोपरं रोवून बसत. टेबलावर फायलींशिवाय होतं काय? नाइलाजानं काम व्हायचं.

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, आप्पांच्याही नाही. साहेबांनी त्यांना आदर्श कर्मचारी ठरवलं, त्यांचा फोटो भिंतीवर लावला आणि बक्षीस म्हणून गुबगुबीत, फिरती खुर्ची दिली. बायको उमाबाई जळकोटची माहेरची माणसं घेऊन फोटो बघायला आली. सगळ्यांदेखत म्हणाली, "म्या म्हणायचे, ह्यास्नी झोपायचा पगार मिळतोय. चुकलं माझं." आप्पांना अगदी धन्य वाटलं.

आणि नव्या खुर्चीनं घात केला. सहज म्हणून रेलले, ते थेट चहा आला तेव्हाच उठले. मग रोज तेच. फायलींचा ढीग त्यांच्या टकलाच्या वर गेला, तेव्हा साहेबांनी बोलावून दम भरला, "महिनाअखेर हा ढीग दिसला तर फोटो उतरवीन." आप्पांना फोटोचं काही नव्हतं, डोळ्यांसमोर उमाबाईचा चेहरा आला.

जुनी खुर्ची साहेबांनी शिक्षा म्हणून सोमेशला दिली होती, कचेरीतल्या सगळ्यात आळशी कारकुनाला. तो आता कोपरं रोवून धडाधड फायली उपसत होता. आप्पांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"सोमेश, खुर्ची बदलू की जरा."

"न्हाय आप्पा. औंदा माझा फोटो लागायचाय."

लागलाच. भिंतीला खिळा एक, म्हणून आप्पांचा फोटो उतरला. बक्षिसाला नवी खुर्ची आणायची तजवीज नव्हती, तेव्हा साहेबांनी आप्पांचीच गुबगुबीत खुर्ची सोमेशला दिली. सगळ्यात जोरात टाळ्या आप्पांनी वाजवल्या आणि त्या थांबायच्या आत ते जुन्या खुर्चीत जाऊन बसले.

आठवड्याभरात उमाबाई धाकट्या बहिणीला घेऊन हजर. आप्पांना तोंड कुठं लपवावं कळेना. तिनं भिंतीकडं पाहिलं. मग समोरची माणसांची रांग पाहिली, फायलींत बुडालेला नवरा पाहिला, आणि बराच वेळ ती पाहतच राहिली.

"फोटो ऱ्हाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "काम करताना आज पैल्यांदाच बघितलं तुमास्नी."

तेवढ्यात कोपऱ्यातून जोरजोरात घोरणं ऐकू आलं.

"अवो, ते कोण वो?"

"आदर्श कर्मचारी," आप्पा म्हणाले आणि त्यांनी पुढचा अर्ज ओढला.