स्वच्छ, खरखर, बंद

ज्या वर्षी मावशीच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी शाळेत गळ्यातला माइक आला. जुळी मार्चमध्ये झाली, माइक जूनमध्ये आला. मावशीच्या लेखी ही तिन्ही एकाच घरची बाळं. तिघांनाही वेळच्या वेळी पाजावं लागे, फक्त तिसऱ्याला दुधाऐवजी वीज लागे.

मावशी म्हणजे चार नंबरच्या खोलीची मदतनीस. शाळा मोठी, दीड हजार मुलांची. त्यातल्या बावीस मुलांना इतरांच्याच गावाला जायचं होतं, पण थोड्या वेगळ्या वाटेने. एकाला ठळक छापलेले कागद लागत, एकीला पानावर ठेवायची पिवळी पट्टी, एकाला परीक्षेत अर्धा तास जादा. आणखी एक होता, त्याला गोंगाट वाढला की पडद्याआड बसायला कोपरा लागे. सगळी आपापल्या वर्गातच शिकत. चार नंबरला ती दम खायला येत, आणि दम खाऊन परत जात. तिथल्या शिक्षिकेला सगळी शाळा खोलीच्या बाई म्हणे. या बाईंनीच मावशीला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, याच खोलीत, मुलांच्या शेजारी बसवून अक्षर शिकवलं होतं.

"या शाळेत सगळ्यात जास्त वर्षं मी काढली," मावशी म्हणायची, "आणि अजून पहिलीतच आहे."

माइक आला तो टाचणीसाठी. नववीतली ही मुलगी जन्मापासून कमी ऐकणारी. दोन्ही कानांत यंत्रं. शिकवणाऱ्याने माइक गळ्यात अडकवला की त्याचा आवाज थेट तिच्या कानात जाई, मग तो फळ्याकडे तोंड करून बोलो नाहीतर खिडकीबाहेर बघून. "आता टाचणी पडली तरी हिला कळेल," असं वर्गातलं कुणीतरी म्हणालं आणि तेच नाव पडलं. तिला ते आवडलं. आधीच्या शाळेतल्या नावापेक्षा बरंच बरं होतं.

खुर्च्या सरकल्या की यंत्रातून करवत चालवल्यासारखा आवाज येतो, म्हणून मावशीने जुने चेंडू चिरून वर्गातल्या एकूण एक खुर्चीच्या पायांत बसवले. एकशे साठ चेंडू. त्या वर्गात पाऊल टाकलं की आपण बहिरे झालो की काय, असं वाटे.

आणि रोज सकाळी वही. पहिल्या तासाआधी मावशी माइक गळ्यात घालून लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाला जाई आणि चिठ्ठीवरचे दहा शब्द हळू आवाजात वाची. बस. माती. दार. कुलूप. टाचणी चार नंबरमध्ये बसून ऐकू येईल ते वहीत लिही. शेवटच्या रकान्यात तीनपैकी एक शब्द लिहायचा, स्वच्छ, खरखर किंवा बंद. अक्षर उशिरा हाती आलं की माणूस ते उधळत नाही. त्या वहीला मावशी ओल्या हाताने शिवतही नसे.

भूमितीचे सर माइक बंद करून पुढच्या बाईंना द्यायला विसरत. तास संपला की ते तसेच शिक्षकांच्या खोलीत जात, आणि इकडे भाषेच्या तासाला टाचणी मध्येच फिसकन हसे.

"मावशी, सर चहात बिस्किट बुडवतात," तिने एकदा सांगितलं. "ते तुटून आत पडलं की म्हणतात, 'गेला बिचारा!'"

"दुसऱ्याचं चोरून ऐकू नये गं."

"मी कुठे चोरते? तेच माझ्या कानात येऊन बसतात."

मावशीला हसू आवरेना. तिने सरांना सांगितलं, सर जीभ चावून म्हणाले, "उद्यापासून आठवणीने." उद्या पुन्हा तेच.

सप्टेंबरच्या शेवटी टाचणी एकदा चार नंबरला आली ती दाराशीच उभी राहिली.

"मावशी, सर गप्प झाले की कुणीतरी चालतं."

"कुठे चालतं?"

"माहीत नाही. लांबून. पायात काही नाही, अनवाणी. सर फळ्यावर वर्तुळ काढत होते, बोलत नव्हते, तेव्हा आलं. बोलायला लागले की थांबतं."

"वर्गातलं कुणी असेल."

"सगळे बसले होते. मी वळून पाहिलं."

मावशीने त्या दिवशी चेंडू तपासले. दुसऱ्या दिवशी माइक इतर शिक्षकांच्या गळ्यात असताना लक्ष ठेवायला सांगितलं. भाषेच्या बाईंच्या गळ्यात काही नाही. विज्ञानाच्या सरांच्या गळ्यात काही नाही. फक्त भूमितीच्या तासाला. आणि रोज थोडं जवळ.

"परवा व्हरांड्याच्या त्या टोकाला असल्यासारखं होतं," टाचणी म्हणाली. "आज जिन्यापाशी."

तिने वहीत खरं ते लिहायला सुरुवात केली. खरखर नाही, बंद नाही, म्हणून तिने रकान्याबाहेर लिहिलं, 'कालच्या तासाला पाऊल.' खोलीच्या बाईंनी यंत्रवाल्याला बोलावलं. त्याने माइक उघडला, फुंकर मारली, घड्याळ पाहिलं आणि पुन्हा बंद केला.

"यंत्र खणखणीत आहे. मुलीच्या डोक्यातलं असेल."

हे वाक्य त्याने टाचणीच्या वडिलांसमोर टाकलं. जिभेला हाड नसलं की असं होतं.

वडील माणूस वाईट नव्हता, धास्तावलेला होता. मुलीला दूरच्या शहरातल्या, फक्त ऐकू न येणाऱ्या मुलांच्या निवासी शाळेत टाकावं, असं त्याच्या मनात वर्षभर घोळत होतं. "तिथे तिच्यासारख्याच सगळ्या असतील. इथे मारून मुटकून कशाला?" ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी मोठ्या बाईंसमोर बैठक होती. शिक्षण कार्यालयातून तपासनीस येणार होते. वही तपासायची, यंत्राचा उपयोग होतो की नाही ते ठरवायचं, आणि उपयोग नसेल तर मुलगी जाणार.

बैठकीचं कळलं त्या दिवशी टाचणी चार नंबरच्या पडद्याआड गुडघ्यात डोकं घालून बसली.

"मला नाही जायचं. तिथे भूमिती आठवीपर्यंतच आहे. आणि तिथे मला टाचणी कोण म्हणणार?"

मावशीने आत जाऊन फतकल मारली आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

"हे बघ, पाच दिवसांचा प्रश्न आहे. पाच दिवस वहीत 'स्वच्छ' लिही. कुणी विचारलं तर म्हण, 'काही नाही, स्वच्छ.' पावलांचं विचारलं तर सांग, चेंडू झिजले होते, मावशीने बदलले."

"पण येतं ना."

"येऊ दे. येतंय ते तुला. कागदाला कशाला कळायला हवं?"

हे बोलताना मावशीची जीभ जरा अडखळली. खोटं ती आयुष्यात पुष्कळ बोलली होती, पण तिने लिहिलं कधीच नव्हतं.

तरीही तिला राहवेना. ती सरांना शिक्षकांच्या खोलीबाहेर गाठून म्हणाली, "सर, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?" सर हसले. "का हो? मेलेला दिसतो का?"

मावशीच्या ओठांवर आलं होतं. पण सर ते मोठ्या बाईंना सांगणार, मोठ्या बाई तपासनिसांना, आणि शुक्रवार दोन दिवसांवर. तिने मूग गिळले.

"माइक बंद करत जा, एवढंच सांगायला आले," ती म्हणाली.

बैठक छान झाली. तपासनिसांनी वही चाळली. रकान्याबाहेरच्या त्या ओळींवर बोट ठेवून विचारलं, "हे पाऊल काय आहे?" टाचणीने एकदा मावशीकडे पाहिलं. मग मोठ्याने, स्पष्ट म्हणाली, "चेंडू झिजले होते. मावशींनी बदलले. आता काही नाही, स्वच्छ." वडील खाली बघत राहिले. मोठ्या बाईंनी सही केली. मुलगी राहिली, वर्षभरासाठी.

बाहेर आल्यावर मावशीने तिचा गाल ओढला. टाचणी हसली नाही.

"मावशी, आजच्या तासाला चालत नव्हतं."

"बघ! गेलं की नाही?"

"नाही. पोचलंय. उभं होतं. नुसता श्वास येत होता. सरांचा वेगळा, तो वेगळा."

शनिवार, रविवार गेला. सोमवारी मधल्या सुट्टीत मुलं मैदानावर होती. टाचणी एकटीच वर्गात डबा खात होती. मावशी वर्गात पाणी ठेवायला गेली तेव्हा ती उभी होती. तिने दोन्ही कानांतली यंत्रं काढली, बाकावर शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांच्यापासून दोन पावलं मागे सरकली.

मावशी धावली. शिक्षकांच्या खोलीत सर एकटेच होते, खुर्चीत ताठ बसलेले. समोरची खुर्ची टेबलापासून ओढून ठेवलेली होती, पाहुण्याला देतात तशी. बिस्किट चहाच्या तळाशी गेलं होतं. माइकचा हिरवा दिवा चालू होता.

टाचणीने त्याबद्दल पुढे एकदाच तोंड उघडलं, खोलीच्या बाई नसताना.

"सर म्हणाले, 'या, बसा.' घाबरले नव्हते. आपल्याकडे कुणी आलं की म्हणतो ना, तसं."

घरी जुळी रांगायला लागली होती. त्यांचे तळहात फरशीवर चपचप वाजत, आणि मावशी दचकून वळून बघे. सरांना तिने सांगितलं असतं तर ते हसले असते, हे तिला ठाऊक होतं. हसून कदाचित डॉक्टरकडेही गेले असते, हेही ठाऊक होतं. यातलं दुसरं तिला झोपताना आठवे.

टाचणीने तीन आठवडे यंत्राला हात लावला नाही. खोलीच्या बाईंनी जबरदस्ती केली नाही. त्या रोज फळ्यावर लिहून तिच्याशी बोलत, बाकीची मुलंही लिहून बोलायला लागली, त्यात बरेच विनोद झाले आणि एक दिवस तिने यंत्रं आपणहून कानात घातली. वहीचा क्रम पुन्हा सुरू झाला. नोव्हेंबर, डिसेंबर. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ.

जानेवारीतल्या एका सकाळी मावशी व्हरांड्याच्या टोकाला उभी होती. माती, दार, इथपर्यंत वाचलं आणि चष्मा पुसायला ती क्षणभर थांबली. मग उरलेले शब्द वाचले आणि परत आली. वहीत दहाही शब्द बरोबर होते. शेवटचा रकाना मोकळा होता आणि पेन्सिल हवेत.

"काय गं?"

टाचणीने मान वर केली नाही. मोठ्याने, स्पष्ट म्हणाली, "काही नाही. स्वच्छ."

मावशीने तो आवाज ओळखला. तिनेच शिकवलेला होता.

तिने विचारलं नाही. विचारायचं तोंड कुठून आणणार? दुसऱ्या दिवसापासून ती शब्द न थांबता वाचायला लागली. दहा संपले की पुन्हा पहिल्यापासून, व्हरांडाभर चालताना, खोलीत शिरेपर्यंत. मधे श्वासापुरतीही फट ठेवायची नाही. "मावशींची गाडी ब्रेक फेल झाली!" पडद्याआडचा मुलगा म्हणाला. मावशीही हसली. डॉक्टरकडे जाऊन आली. त्याने छातीला नळी लावली, कागदावर रेघा काढून घेतल्या आणि वयाप्रमाणे सगळं ठीक आहे म्हणाला. इकडे टाचणी रोज तिची पिशवी फाटकापर्यंत नेऊन देऊ लागली. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मावशी वही घेऊन खोलीच्या बाईंसमोर बसली. ऑक्टोबरचं पान काढलं. पाच 'स्वच्छ' होते. त्या पाचांवर तिने एकेक सरळ रेघ मारली, आणि शेजारी आपल्या थोराड, पहिलीतल्या अक्षरांत पाच वेळा लिहिलं, 'पाऊल.' खाली लिहिलं, 'मुलीने खरं सांगितलं. खोटं मी लिहायला लावलं.' आणि पुढे सही, तिला न अडखळता लिहिता येणारी सगळ्यात लांब गोष्ट.

बाईंनी पान आपल्याकडे वळवून वाचलं. मग म्हणाल्या, "मावशी, हे मोठ्या बाईंना दाखवावं लागेल. तिच्या वडिलांनाही. पोरीची जागा जाईल कदाचित."

"सगळ्यांना दाखवा. पण त्यांना एवढं विचारा, हिला ऐकू येत नाही असं यात कुठे दिसतंय? तुम्हाआम्हाला येतं त्याहून जास्तच येतंय."

वडिलांनी ते पान दोनदा वाचलं. एवढंच विचारलं, "म्हणजे तिच्या डोक्यातलं नव्हतं?" बाई म्हणाल्या, "नव्हतं." ते मुलीला न घेता घरी गेले. निवासी शाळेचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. बाईंनी वहीतले ते तीन शब्द खोडले आणि रकान्यावर नवं लिहिलं, 'मुलगी सांगेल ते, तसंच.'

बुधवारी सकाळी मावशी व्हरांड्याच्या टोकाला गेली. दहा शब्द वाचले, एकेक करून, मधे थांबत. शेवटचा शब्द झाल्यावरही ती उभी राहिली, चांगली मिनिटभर, तोंड मिटून. मग हळूहळू चालत परत आली.

टाचणी रडत होती, पण लिहून झालं होतं. मावशीने चष्मा लावून, बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडत वाचलं, 'दाराशी. उभं आहे.'

"छान लिहिलंस," मावशी म्हणाली. "अक्षर सुधारलंय." माइक काढून तिने तारेला लावला आणि खुर्च्यांचे चेंडू बघायला गेली. दुपारी लवकर सुटी मागून घरी गेली आणि संध्याकाळभर जुळ्यांना मांडीवर घेऊन बसली.

भूमितीचे सर वारले ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, मधल्या सुट्टीत. मावशी वारली फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, गुरुवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, शाळेला निघताना, चपला घालता घालता. जुळी तेव्हा अकरा महिन्यांची होती, आणि अजून चालत नव्हती.